लाखोळी, मेंदू आणि मजुरीचे माप

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत धान कापणीला येण्यापूर्वी पंधरवडाभर एक पेरणी होते. तिला नांगर लागत नाही, बैल लागत नाहीत, खतही लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या धानाच्या तालुक्यांत आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा या भागांत शेतकरी उभ्या पिकातच, ओल्या बांधीत, लाखोळीचे दाणे हाताने फेकून मोकळा होतो. धान कापले जाते तेव्हा रोपे जमिनीतून वर आलेली असतात. पुढे पाऊस पडला नाही तरी मातीतील ओलीवर ती वाढतात, त्यांना निळी फुले येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंगा भरतात. कोवळा पाला भाजीला, दाणा डाळीला, भुसा गुरांना. ज्याचा सीमांत उत्पादनखर्च शून्याच्या इतका जवळ आहे असे दुसरे कडधान्य दाखवणे कठीण आहे. शिवाय दाण्यात शेकडा २८ च्या आसपास प्रथिने असतात. या बाबतीत लाखोळी तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या मागे नाही, पुढेच आहे.

याच दाण्यावर पायांतील शक्ती हिरावून घेतल्याचा आरोप आहे आणि तो खोटा नाही. मात्र आरोपीला शिक्षा ठोठावताना गुन्हा नेमका कोणत्या परिस्थितीत घडला याची चौकशी आपल्याकडे अर्धवट झाली. बंदी असावी की नसावी एवढ्याच प्रश्नाभोवती सारा वाद फिरत राहिला. त्यामागे मेंदूच्या शास्त्राने गेल्या पन्नाससाठ वर्षांत जे दाखवून दिले आहे, त्याचा अर्थ झाडीपट्टीतील मजुराच्या ताटाच्या संदर्भात लावून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप. लाखोळीच्या अतिसेवनाने होणाऱ्या या विकाराला लॅथिरिझम हे नाव नेपल्सच्या कांतानी या वैद्याने १८७३ साली दिले. रोग बहुधा एकाएकी प्रकटतो. काल शेतात राबलेला तरुण आज उठतो तो पोटऱ्यांत गोळे येऊन, कंबरेखालचे शरीर ताठरलेले घेऊन. पाय लुळे पडत नाहीत. ते आखडतात, चवड्यांवर उचलले जातात आणि चालताना कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. वैद्यकीय ग्रंथांनी या रुग्णांची प्रतवारी काठ्यांवरून केली आहे: काठीविना चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी हातांच्या आधाराने जमिनीवर सरकणारा. वाचा शाबूत राहते, बुद्धी शाबूत राहते, बहुतेकांचे हातही शाबूत राहतात. रोगाने माणूस मरत नाही. एकदा आलेले पंगुत्व जात मात्र नाही, आणि ते येते ऐन कमावत्या वयात, त्यातही कष्टकरी पुरुषांत अधिक. एका माणसाचे पाय गेले की त्या घराची मिळकत पुढील तीस-चाळीस वर्षांसाठी जाते. रोगाच्या हिशेबात ही बाब सहसा धरली जात नाही.

मध्य भारताला हा रोग नवा नाही. सागरच्या मुलखात १८३० च्या सुमारास गहू वर्षामागून वर्ष बुडाला, शेतांत आपोआप उगवलेल्या तिवऱ्यावर, म्हणजे लाखोळीवर, गावे जगली आणि त्यानंतर तरुणांचे पाय जाऊ लागले, अशी नोंद स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केली आहे. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. चांदा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. त्या काळातील लॅथिरिझमवर बुकॅनन या वैद्यकीय अधिकाऱ्याचा स्वतंत्र अहवाल १९०४ साली नागपुरास छापला गेला. १९२२ साली ॲक्टन याने रेवा संस्थानातील रुग्णांचा अभ्यास केला. या नोंदींतून उभे राहणारे चित्र एकच आहे. पीक बुडते, गहू-तांदूळ महाग होतो, कोरड्यातही तग धरणारी आणि पाण्यातही न सडणारी लाखोळी तेवढी उरते, आणि ज्याच्याजवळ विकत घेण्याची ऐपत नाही तो सकाळ-संध्याकाळ तीच खातो.

विष कोणते, याचा शोध १९६४ साली लागला आणि तो लावला भारतीय शास्त्रज्ञांनी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा व सर्मा यांनी आणि दिल्लीत मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमणियन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे लाखोळीतील एक अमिनो आम्ल वेगळे काढले. ओडॅप या संक्षिप्त नावाने ते आता ओळखले जाते. आपल्या मेंदूत एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप पोचवणारे ग्लुटामेट नावाचे द्रव्य असते; ओडॅपची घडण त्याच्याशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे पेशीच्या दारावरील कुलपात ही खोटी किल्ली बसते आणि दार उघडेच राहते. पेशी सतत उत्तेजित राहून थकते आणि अखेर मरते. १९८६ साली स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून या द्रव्याचा पायांच्या विकाराशी असलेला संबंध पुढे मांडला. मरतात त्या पेशी मेंदूच्या पृष्ठभागात असतात आणि त्यांचे लांबच लांब तंतू मज्जारज्जूतून खाली उतरतात. पायांकडे जाणारे तंतू सर्वांत लांब, आणि आघातही त्यांच्यावरच सर्वाधिक.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर लाखोळी हे एक साधे विषप्रकरण ठरले असते. पण मेंदूचे विकार असे वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत. आफ्रिकेत कोंझो नावाचा रोग आहे. कांगोतील एका जमातीच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘बांधलेले पाय’ असा होतो. इटालियन डॉक्टर त्रोली यांनी १९३८ साली त्याचे वर्णन केले आणि १९८१ साली मोझांबिकमध्ये तो साथीच्या रूपाने उसळला तेव्हा हान्स रोसलिंग या स्वीडिश वैद्याने त्याचा पाठपुरावा केला. तेथे लाखोळी नाही. तेथे आहे कडू कसावा, म्हणजे साबुदाणा ज्यापासून करतात त्या कंदाची जात. दुष्काळात तो पुरेसा न भिजवता, न वाळवता खाल्ला की त्यातील सायनाइडजन्य विष अंगात जाते. विष निराळे, वनस्पती निराळी, खंड निराळा. पण रुग्णशय्येशी उभ्या असलेल्या डॉक्टरला कोंझोचा रोगी आणि लाखोळीचा रोगी केवळ तपासून वेगळे सांगता येणे अवघड. काही आनुवंशिक विकार आणि एका विषाणूमुळे होणारा पायांचा ताठरपणा हेही याच चेहऱ्याचे.

याहून गूढ प्रकरण पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी वैद्यकांना तेथील चामोरो लोकांत प्रेरक चेतापेशींचा एक दुर्मिळ आणि प्राणघातक विकार इतरत्र आढळतो त्याच्या पन्नास ते शंभर पट प्रमाणात दिसून आला. त्याच बेटावर, कधी त्याच कुटुंबात, कंपवात आणि स्मृतिभ्रंश एकत्र असलेला दुसरा रोग होता. मरणोत्तर तपासणीत या मेंदूंमध्ये तंतूंचे गुंते सापडले, जे एरवी अल्झायमरच्या रोगात दिसतात. पुढच्या काळात नवी तंत्रे आली तशी कंपवाताच्या आणि प्रेरक पेशींच्या रोगांशी जोडली गेलेली इतर प्रथिनेही याच मेंदूंत साचलेली आढळली. म्हणजे पाठ्यपुस्तकांत चार प्रकरणांत विभागलेले चार रोग एका बेटावरील माणसांच्या मेंदूत एकमेकांत मिसळलेले होते. कारण काय? बेटावरील लोक सायकड झाडाच्या बियांचे पीठ खात, त्यातील एक अमिनो आम्ल ओडॅपच्या जवळचे आहे, आणि १९८७ साली स्पेन्सर यांनीच त्याकडे बोट दाखवले. हा वाद मिटलेला नाही. पुढच्या पिढ्यांत ग्वाममधला रोग मात्र ओसरत गेला; खाणेपिणे आणि राहणी बदलली, आणि केवळ अनुवंशाने एवढ्या थोड्या काळात एवढा बदल घडणे शक्य दिसत नाही.

ग्वाममधील मेंदूंचा हा अभ्यास करणाऱ्यांत असाओ हिरानो हे जपानी वंशाचे विकृतिशास्त्रज्ञ अग्रभागी होते. त्यांचेच नाव लाखोळीच्या इतिहासातही येते, आणि तेही एका छळछावणीच्या मार्गाने. दुसऱ्या महायुद्धात आजच्या युक्रेनमधील वाप्न्यार्का येथे रुमानियन अधिकाऱ्यांच्या ताब्यातील एका छावणीत ज्यू कैद्यांना रोज ४०० ग्रॅम शिजवलेली लाखोळी आणि २०० ग्रॅम बार्लीचा पाव दिला जाई. काही आठवड्यांतच शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांपैकीच एक असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी दोष अन्नात आहे हे ओळखले. वाचलेल्यांपैकी अनेकजण पुढे इस्राएलमध्ये गेले आणि तेथील वैद्यकांनी त्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. लॅथिरिझमच्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूची जी मरणोत्तर तपासणी इस्राएली वैद्यक आणि हिरानो यांनी मिळून १९७६-७७ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात मेंदूतून उतरणारे तंतू झिजलेले होते, आणि त्याखेरीज मज्जारज्जूतील ज्या पेशी या रोगात सुरक्षित राहतात असे समजले जात होते त्यांच्यातही बदल दिसले. प्रेरक पेशींच्या त्या प्राणघातक रोगात मरणाऱ्या पेशी याच.

याचा अर्थ लाखोळी खाणाऱ्याला पुढे तो रोग होतो असा नाही. तसा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. लॅथिरिझम आहे तेथे थांबतो आणि तो रोग थांबत नाही, हा दोहोंतला मोठा फरक आहे. अर्थ एवढाच की मेंदूतील काही पेशी मुळातच नाजूक आहेत, आणि त्यांच्यावर विषाने, अनुवंशाने, विषाणूने किंवा वार्धक्याने आघात झाला तरी खुणा एकमेकांवर पडतात. केवळ खुणा पाहून कारण ठरवता येत नाही. कारण ठरवायचे तर त्या माणसाने कोणत्या वर्षी, किती महिने, काय आणि किती खाल्ले हे विचारावे लागते. मग हे विचारण्याचे काम सूक्ष्मदर्शकाकडून निघून अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकाकडे येते, आणि त्या अभ्यासकाने ते आजवर पुरेसे अंगावर घेतलेले नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. येथे मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकांना नागपूरचा रस्ता धरावा लागतो. मरणोत्तर मेंदू जतन करून अभ्यासणारी पेढी बंगळूरच्या निमहान्स संस्थेत १९९५ पासून आहे. झाडीपट्टीतील शेतमजुराचा मेंदू तेथवर पोचण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. पाय आखडलेला वृद्ध ‘लाखोळीचा’ की ‘वाताचा’, की तरुणपणी झालेल्या एखाद्या दुखापतीचा, हे गावातच ठरते आणि गावातच विसरले जाते. पण घरोघर जाऊन मोजले तर समजुती कशा कोलमडतात याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची घरोघर चौकशी केली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर सात मृत्यूंपैकी सुमारे एक मृत्यू मेंदूच्या झटक्याने, म्हणजे पक्षाघाताने, झालेला होता आणि मृत्यूच्या कारणांत तेच पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. जंगलातील जिल्हा म्हणजे हिवताप, अतिसार आणि सर्पदंश, असे मानून बसलेल्यांना हा आकडा अनपेक्षित होता. मोजणी झाली म्हणून तो दिसला.

आता लाखोळीच्या मात्रेचा हिशेब. दैनंदिन उष्मांकांपैकी एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक वाटा लाखोळीकडून येत असेल आणि ही स्थिती तीन ते सहा महिने टिकली, तर रोगाचा धोका गंभीर होतो, असे अभ्यासक साधारणपणे मानतात. कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला २,७०० उष्मांक लागतात असे धरू. त्याचा तिसरा हिस्सा ९००. शंभर ग्रॅम डाळीतून सुमारे ३४५ उष्मांक मिळतात. तेव्हा ९०० उष्मांकांसाठी २६० ग्रॅम डाळ, म्हणजे पाव किलोहून थोडी अधिक, रोज पोटात जावी लागते. छावणीतील ४०० ग्रॅम याच्या बरेच वर आहेत. भाताबरोबर वाटीभर वरण खाणाऱ्या घरात माणशी २५-३० ग्रॅम डाळ लागते. दोहोंत जवळजवळ नऊ पटींचे अंतर आहे. पाव किलो डाळ रोज खाण्याची हौस कोणाला नसते. तेवढी ती तोच खातो ज्याला दुसरे काही मिळत नाही, किंवा ज्याच्या मजुरीचे मापच लाखोळीने भरले जाते.

मजुरी धान्यात चुकती करण्याची चाल आपल्याकडे जुनी. मालकाने मजुराला देण्यासाठी धान्य निवडताना स्वतःला सर्वांत स्वस्त पडणारे निवडावे, हे त्याच्या दृष्टीने तर्कसंगतच होते. रेवा-सतना भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून लाखोळी किंवा तिचे मिश्रण दिले जाई आणि रोगही त्यांच्यातच केंद्रित होता, हे स्वातंत्र्योत्तर काळातील अभ्यासांनी नोंदवले आहे. ज्या मालकाच्या शेतात ती पिके त्याच्या घरात रोग नसे, कारण त्याच्या ताटात गहू, तूप आणि दुसऱ्या डाळीही असत. एकाच शेतातला एकच दाणा एका घरात अन्न ठरला आणि दुसऱ्या घरात विष. इथिओपियातील अभ्यास याला दुजोरा देतात: लाखोळीत दुसरी तृणधान्ये पुरेशी मिसळली की धोका कमी होतो, कारण त्यांतील गंधकयुक्त अमिनो आम्ले पेशींचे रक्षण करतात असे दिसते. दुष्काळात तर दोन्ही बाजूंनी कोंडी होते. ताटातील लाखोळीचा वाटा वाढतो, आणि पाण्यावाचून वाढलेल्या पिकाच्या दाण्यातील विषाचे प्रमाणही वाढते.

अशा रोगावर शासनाने काय केले? अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ साली लाखोळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली. ती कधीपासून लागू करायची हे राज्यांवर सोपवले होते. काहींनी तारीख जाहीर केली, काहींनी केलीच नाही. बंदी होती ती विक्रीवर. बाजारातील दुकान निरीक्षकाला तपासता येते. खळ्यावर मजुराच्या पदरात पडणारी पायली तपासायला कोणी जात नाही. ज्या व्यवहारातून रोग उद्भवत होता तो व्यवहार कायद्याच्या नजरेबाहेर राहिला. उलट उघड बाजार बंद झाल्याने लाखोळीचा भाव पडलेलाच राहिला आणि तुरीच्या डाळीत, बेसनात ती चोरून मिसळण्याला नफा सुटू लागला. शहरातील ग्राहकाला भेसळीची भीती वाटली ती रास्तच; पण त्याच्या वाट्याला येणारी मात्रा रोग होण्याइतकी क्वचितच असे. बंदीने शहराची काळजी घेतली. मजुराच्या ताटात दुसरे काय पडेल, याचा विचार त्या नियमांत कोठे नव्हता.

तरीही रोग कमी झाला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील गावांची जी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध केली तीत लाखोळी आहारात टिकून असल्याचे आणि रोग मात्र ओसरल्याचे दिसले. खाणे चालू राहून रोग ओसरतो तेव्हा त्याचे श्रेय बंदीला देता येत नाही. श्रेय द्यायचे तर ते वेठबिगारी संपवणाऱ्या १९७६ च्या कायद्याला, दुष्काळातही रोख मजुरीचा हक्क देणाऱ्या रोजगार हमीला आणि स्वस्त धान्याच्या दुकानाला द्यावे लागेल. ७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली ही हमी १९७७ साली कायद्याच्या रूपात आली. मजुराच्या हातात रोकड पडू लागली की धान्याच्या मापाची सक्ती आपोआप सैल होते. या तिन्ही उपायांपैकी एकाचेही उद्दिष्ट लॅथिरिझमचे निवारण हे नव्हते. रोगनिवारणाच्या इतिहासात अशी अनभिप्रेत यशे पुष्कळ असतात आणि त्यांचे श्रेय घ्यायला कोणी पुढे येत नाही.

लाखोळीवरील बंदी उठवावी यासाठी नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे चळवळ केली, उपोषणे केली. गरिबाचे स्वस्त प्रथिन हिरावून घेतले जात आहे, हा त्यांच्या म्हणण्यातील गाभा दुर्लक्षण्याजोगा नाही. वैद्यकांपैकी अनेकांनी विरोध केला. तोही निराधार नाही. वादाला अनपेक्षित कलाटणी दिली ती २०१५ सालच्या तूरडाळीने. त्या वर्षी तिचा किरकोळ भाव किलोला २०० रुपयांच्या घरात गेला आणि २०१६ च्या आरंभी भारतीय कृषी संशोधन परिषदेने कमी विषाच्या तीन वाणांना अनुकूलता दर्शवल्याचे वृत्त आले: रतन, प्रतीक आणि महातिवडा. पैकी शेवटची दोन रायपूरच्या कृषी विद्यापीठातली. मध्यमवर्गाच्या आमटीला झळ बसल्यावर लाखोळीचा पुनर्विचार व्हावा, हा योगायोगही असेल. पण झाडीपट्टीतील शेतकऱ्याने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला असणार. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ च्या नियमांत जुनी मनाई कायम ठेवलेली होती, आणि अखेरचा शब्द त्याच प्राधिकरणाचा होता.

नव्या वाणांत विषाचे प्रमाण शेकडा ०.१ किंवा त्याहून कमी आहे. जुन्या गावठी बियाण्यात ते ०.५ पर्यंत आणि कधी त्याहून वर जाते. म्हणजे वाण बदलल्याने मात्रा पाचपटीने घटते. वर केलेल्या हिशेबाशी हे ताडून पाहावे. केवळ ताट सुधारले, पाव किलोची जागा वाटीभर वरणाने घेतली, तर मात्रा नऊपटीने घटते आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही झाले तर ती पंचेचाळीस पटींनी उतरते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून देण्याची गृहिणींची जुनी रीत विषाचा आणखी मोठा भाग काढून टाकते. जळण-पाण्याची टंचाई असलेल्या घरात मात्र हीच रीत पहिल्यांदा सुटते. वाणाच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचणही आहे. लाखोळीत परपरागीभवन होते, शेतकरी बियाणे घरचेच राखतो आणि शेजारच्या बांधीत गावठी लाखोळी फुलत असते. चारदोन हंगामांत नवे वाण जुन्यात मिसळून जाण्याचा धोका त्यामुळे राहतो. बियाणे सतत बदलून देणारी आणि दाणे तपासून देणारी व्यवस्था तालुक्याच्या ठिकाणी उभी न करता केवळ परवानगी दिली, तर परवानगी नव्या वाणाला आणि विक्री जुन्या दाण्याची, असे होईल.

ताटाकडे वळावे तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील माणसाला महिना ५ किलो धान्य देऊ केले आहे. ते धान्य म्हणजे येथे प्रामुख्याने तांदूळ. डाळीचा हक्क त्या कायद्यात नाही. पोट भाताने भरते, प्रथिनाची उणीव तशीच राहते आणि ती भरायला बांधीतील फुकटची लाखोळी समोर असते. ज्या वर्षी धान चांगले पिकते, रोजगार मिळतो, तूर आवाक्यात असते, त्या वर्षी ती वाटीभरच राहील. एखादे वर्ष वाईट गेले, कामे सुरू व्हायला उशीर झाला, दुकानात धान्य वेळेवर आले नाही, तर वाटीची पाव किलो व्हायला तीन महिने पुरतात. रोजगार आणि धान्याचे हे आधार पक्के असल्याची खात्री असेल तर बंदी उठवायला हरकत घेण्याचे कारण उरत नाही. आणि ती खात्री नसेल तर बंदी ठेवूनही मजूर वाचत नाही. स्वस्त धान्य दुकानातून या दोन जिल्ह्यांत डाळ देण्याचा खर्च, एका कुटुंबाच्या तीस वर्षांच्या बुडालेल्या मजुरीशी ताडून कोणी मांडला तर वादाला वेगळी दिशा लागेल.

राहता राहिले ते ज्यांचे पाय पूर्वीच गेले आहेत. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारचे अपंगत्व नावानिशी मोजतो. त्यात लॅथिरिझमचे नाव नाही. असा माणूस चलनवलनाच्या सर्वसाधारण अपंगत्वात, टक्केवारीच्या प्रमाणपत्रावर, बसवला जातो, आणि त्या प्रमाणपत्रासाठी दोन काठ्यांवर जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोचावे लागते. प्रमाणपत्रावर कारणाची नोंद आवर्जून होत नाही, त्यामुळे झाडीपट्टीत लाखोळीने किती पाय गेले हा आकडा सरकारी कागदांतून कधीच निघणार नाही. तो गावांतूनच काढावा लागेल. दोन्ही जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्या घरोघर जातात. त्यांच्या नोंदवहीत तीन प्रश्नांची भर पुरेल. घरात पाय आखडलेले कोणी आहे काय, ते कोणत्या वर्षी आखडले, आणि त्या वर्षी घरात काय शिजत होते. बहात्तर साली जे विशीत होते ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी माणसे आणखी फार वर्षे भेटणार नाहीत.